सतराव्या ओळीखाली

मार्केट यार्डात मॉनिटरवर रोज पिवळी धूळ बसते.
सकाळी पुसली की सौद्यानंतर पुन्हा.
कीबोर्डचा ‘ळ’ अडकतो.
हळदीत नेमका तोच लागतो.

आवटी दिवाणजींची वही मांडीवर घेऊन
मी फॉर्मवर एक लिस्ट कंट्रोल ओढला,
कोपरा धरून खिडकीभर ताणला,
म्हटलं, बघा, सगळी कलमं यात मावतील.

“मावतील,” ते म्हणाले.
होकार होता की प्रश्न, कळलं नाही.

वहीत एकेका कलमाची उंची वेगळी.
राजापुरीचा मोठा लॉट चार बोटं जागा खाऊन बसलेला,
परपेठ मालाला टीचभर,
आणि नांद्र्याच्या आक्काताई चौगुल्यांच्या नावाखाली
शाईनं आडवंतिडवं:
माल ओलसर. वास पहिल्या नंबरचा.
बाई भाव विचारत नाहीत, वजन विचारतात.
काटा त्यांच्यासमोर लावणे.

कंट्रोलला उंची एकच ठाऊक.
पहिल्या ओळीला जी, तीच शेवटच्या ओळीला.
खाली उतरून लिहू म्हटलं तर एक काळा चौकोन देतो,
वाक्य लांबलं की तीन टिंबं.
त्या तीन टिंबांत आक्काताईंचा काटा गेला.

मथळ्यावर टिचकी मारून वजनं लावली चढत्या क्रमानं:
एक, दहा, शंभर, मग दोन.
दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
“ह्ये पोरगं शाळेत गेलंय का?”
याला आकडे दिसत नाहीत, मी म्हटलं, नुसती अक्षरं दिसतात.
“मग ह्येला तराजूपाशी उभा करू नका.”

मागच्या सालांच्या नोंदी ओतल्या
तेव्हा बत्तीस हजार सातशे सदुसष्टाला त्याचा श्वास अडला.
त्यापुढे विचारलं, किती,
तर मोजणी उणे सांगायला लागला.
माल जितका जास्त तितका कमी.

त्यावर त्यांनी हरिपूरच्या पेवांचं काढलं.
वर नुसती जमीन, म्हशी चरायच्या,
खाली काळोखात हळद निजलेली.
कुणाचं पेव कुठं, ते एका माणसाच्या पावलांना माहीत.
तोंड उघडायचं, हवा खाऊ द्यायची,
मग कंदील सोडायचा.
विझला तर आज नाही.
“सगळं वर काढून कोण मांडतंय, बाई?
मागणी आली, तेवढंच.”

त्या रात्री विश्रामबागच्या खोलीत
मी यादी रिकामी केली.
आता ती फक्त विचारते: कितवी ओळ दिसतेय?
दिसते तेवढी देते. बाकीचं जमिनीत.
उंचीसाठी मात्र प्रत्येक रेघ स्वतः ओढावी लागली,
अक्षरं कुठं टेकतात ते मोजून,
निवडलेल्या ओळीचा निळा रंगसुद्धा हातानं.
चार दिवस गेले.
पाचव्या दिवशी आक्काताई तीन ओळींत ऐसपैस बसल्या.
दिवाणजी वाचत राहिले, ओठ हलवत,
स्वतःचंच अक्षर दुसऱ्याच्या हातात बघावं तसे.

मग म्हणाले, “आता सतराव्या कलमाखाली एक ओळ सोडा.”
का?
“कवठ्याची गाडी मिरजेच्या फाटकात अडकलीय.
माणूस येतोय. नंबर त्याचाच हाय.”

वहीत सोडलेली जागा जागाच असते.
इथं सोडायलाही काहीतरी घालावं लागतं:
रिकामं नाव, रिकामं गाव, रिकामं वजन.
घातलं. कंट्रोलनं ते मोजलं.
खाली बेरीज आली, दोनशे चौदा.

हमालानं दोनशे तेरा मोजली,
मागं फिरून पुन्हा दोनशे तेरा,
आणि घाम पुसत गाळ्याच्या दारात उभा राहिला:
“एक कलम कुठाय वो बाई?”

मी काही बोलायच्या आत
दिवाणजी उठले,
काचेवरच्या पिवळ्या धुळीत,
सतराव्या ओळीखाली,
बोटानं एक रेघ ओढली.
“हितं.”