आवडता विषय

हिरडीटोल्याच्या शाळेत विज्ञान दिनाला मला बोलावलं.
फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव,
'डॉ.' एवढं मोठं की 'दिघोरे'मधला 'रे'
घसरत जाऊन लाकडी चौकटीवर चढलेला.
पोहे झाले, नारळ झाला. फुंडेसर म्हणाले,
विचारा, विचारा, भिऊ नका.

तिसऱ्या रांगेतून एक पोट्टा उभा झाला.
'तुमचा आवडता विषय कोणता होता जी, शाळेत?'
सर माझ्याकडे बघून आधीच हसले.

खरं सांगू?
सातवी-आठवीत आम्हाला विज्ञानाचे शिक्षकच नव्हते.
पद रिक्त. दोन वर्षं.
वेळापत्रकात बुधवार-शुक्रवारचा तिसरा तास
नुसता 'वि.' म्हणून लिहिलेला,
आणि त्या तासाला आम्ही तलावाच्या पाळीवर.
शेवंता शिंगाडे काढायला कमरेएवढ्या पाण्यात,
मी काठाच्या चिखलात तुराटी खुपसून
किती खोल जाते ते बघत.
तुराटीवर पट्टे उमटायचे: काळा, राखी, मग पिवळट,
एकदा त्यात धानाचं अख्खं फोल.
कोणत्या वहीत लिहायचं ते कळलं नाही,
म्हणून लिहिलं नाही.

मला आवडायचा इतिहास.
मारबतेसर सनावळी शिकवताना
फळ्यावर खालून वर लिहीत जायचे:
'जुनं तळाशी असते बाप्पा, नवं वरतं.'
बाकी सगळं विसरले मी,
तहांची कलमं, कोण कोणाचा मुलगा.

आता मी तलावाच्या तळात नळी उतरवते,
गाळाचा हातभर दांडा वर काढते,
सुरीनं कापते, एकेक सेंटिमीटर,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजते.
हे मोहाचे. हे गवताचे. हे मोठे, बहुधा धानाचे.
इथं एक काळी रेघ, रान जळालं असावं.
पगार विज्ञानाचा घेते,
वाचते सनावळीच.

संस्थेत एकदा चहाला मी सगळ्यांना विचारलं होतं.
कोळ्यांवर काम करणारी फरहाना म्हणाली, चित्रकला.
आठ पाय काढताना अजून तिची जीभ बाहेर येते.
निंबार्तेला व्याकरण;
संधी सोडवणारा तो पोरगा
आता विंचवाच्या विषाचे रेणू सोडवतो,
आणि त्याला 'विग्रह' म्हणून बसतो,
परदेशी पाहुण्यांसमोरसुद्धा.
आमच्या संचालकबाई कप धरून खूप वेळ गप्प.
मग म्हणाल्या, शिवण.
काजं करायला आवडायची.
कोणी हसलं नाही.

यातलं थोडंच सांगितलं मी शाळेत.
फुंडेसरांचा चेहरा बघून
'विज्ञानही आवडायचं हं' असं जोडूनही टाकलं.
मग गाळाचा दांडा फिरवला वर्गातून.
पोरं हुंगून बघत होती.

मागच्या रांगेत लिलेश्वरी,
एका वेणीला लाल रिबन, दुसरीला सुतळी.
'मॅडम, आपल्या तलावातला गाळ त
मागच्या उन्हाळ्यात जेसीबीनं काढला.
आमच्या बाबानं सात ट्रॉल्या बांधीत टाकल्या.'
हो.
'त्याच बांधीतला भात खाल्ला आम्ही.'
हो.
'मंग आम्ही इतिहास खाल्ला काय जी?'

वर्ग खिदळला. सर म्हणाले, बस खाली.
मी पर्समध्ये पेन शोधत होते.
कागद नव्हता, म्हणून तिचीच वही मागितली,
शेवटच्या पानावर तिचा प्रश्न उतरवला
आणि तिला विचारून पान फाडलं.

परतीच्या एसटीत उलटून बघितलं:
मागं तिचा भागाकार होता,
बाकी काढायची राहिलेली.