डोळा न धरलेलं

मंडळीचा जमाखर्च माझ्याकडे आहे म्हणून लिहिते,
नाहीतर झाडांवर लिहिणारी मी नव्हे.

सात नाताळ काढले त्या प्लास्टिकच्या झाडानं.
यंदा माळ्यावरून खोकं उतरवलं
तर आत उंदरानं संसार मांडलेला,
तीन पायांतला एक गायब,
आणि चांदणी बांधायचा शेंडा
कुरतडून बोडका.

त्याआधी सुरू होता, दवाखान्याच्या आवारातला.
दर डिसेंबरात त्याची एक फांदी आम्ही आणायचो.
तो रस्ता रुंद करताना गेला.
तिथे आता पंक्चरचं दुकान आहे. चांगलं चालतं.

रविवारी उपासना झाल्यावर चटईवरच बैठक.
शिमोन मास्तर म्हणाले, अमरावतीले पाच फुटी मिळते,
अठराशेले, दिव्यांसकट.
पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करून ठरवू.
तेवढ्यात हनोख उठून बाहेर गेला
आणि सायकलच्या कॅरियरवरून
काळी पिशवी सोडून घेऊन आला.

जंबेरी. कमरेइतकी.
हनोख रोपवाटिकेत डोळे बांधतो,
जंबेरीच्या अंगाला चीर देऊन
आत संत्र्याचा डोळा बसवतो,
दिवसाला सहाशे खुंट, वर न बघता.
"ह्या झाडानं डोळा धरलाच नाही," तो म्हणाला.
"दोन खेपा बांधला, दोन्ही खेपा वाळला.
मालक म्हणे, उपटून फेक.
मले वाटलं, नाताळापुरतं तरी..."

खोडावर पट्टी अजून गुंडाळलेली होती.
तीही प्लास्टिकचीच.

मग बोलणं वाढलं.
काटे हायेत, पोट्ट्यायच्या डोळ्यात जातीन.
संत्र्याचं असतं तर गोष्ट वेगळी.
फळ आलंच तर आंबट येईन, लोणच्याचं.
अन् नाताळचं झाड कसं, खाली रुंद, वर निमुळतं!
असं झाड जमिनीत उभं कुणी पाहिलं होतं?
मी पाहिलं होतं. बिस्किटाच्या डब्यावर.

तबीथाबाई दाराशी, हातात खराटा.
पस्तीस वर्षं ती हे चर्च झाडते.
तिला कुणी विचारलं नव्हतं, मी विचारलं.
"मले काय," ती म्हणाली,
"खऱ्या झाडाखाली झाडा लागते,
खोट्या झाडाले झाडा लागते.
खराटा तोच."

हात वर झाले.
प्लास्टिक अकरा, जंबेरी चार.
हनोखनं हात वर केलाच नाही,
पिशवीतली माती अंगठ्यानं दाबत राहिला.

अठराशे खर्ची पडले, पावती जोडली आहे.
नवं झाड सरळ उभं आहे,
दिवे लावले की सुंदर दिसतं, खोटं का सांगू.
पोरं त्याच्यापुढे गव्हाणीचं नाटक बसवतात.
एलीशाची धाकटी मात्र रोज त्याचं पान हुंगते
आणि रोज नाक मुरडते.
खोक्याचा वास, म्हणते.

जंबेरी बाहेरच आहे, चपलांपाशी.
परत न्यायला हनोख विसरतो.
येता-जाता कुणाचा पदर अडकतो,
सोडवताना पान चुरगळतं,
मग आत डोळे मिटून बसलेल्यांत
दोघातिघांच्या बोटांना तो वास असतो,
कडसर, हिरवा.
परवा दानाची थैली पुढे करताना
मास्तरांच्या हातालाही आला.
मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडे.

आज पहाटे फार थंडी होती.
तबीथाबाईनं चपला बाजूला सारल्या
आणि तिथं तांब्याभर पाणी ओतलं.
मी पाहतेय हे तिला कळलं.
"सांडलं," म्हणाली.

वहीत मी हे धरलेलं नाही.