ळ

हजेरीत नाव आहे निळकंठ काळमेघ.
दोन ळ, एक ठ, मध्ये अनुस्वार.
घरी तो नियू. बाप कायमेघ. गोठ्यात काई गाय,
वर आभाय.

पूर्णेकाठच्या खाऱ्या पट्ट्यात ळ उगवतच नाही,
असं मी केंद्राच्या बैठकीत सांगायचो.
सगळे गुरुजी हसायचे, चहा यायचा.

नियूनं वहीत लिहिलं: शाया.
मी लाल पेनानं शाळा केली.
त्यानं दोन्हींकडे पाहिलं,
"ही कोनाची शाया, सर?"

वाटलं, सापडलं कारण:
तोंडातला शब्द एक, पुस्तकातला दुसरा.
मग दिसली त्याच्याच बाकावरची तन्नू गावंडे.
तीही शाया म्हणते, फयाही म्हणते,
आणि शेवेची पुडी सोडली
की शेव खायच्या आधी पुडीचा कागद वाचते.
ळवरचा आळ मी मागे घेतला.

डोळे दर्यापूरला तपासले, चांगले निघाले.
आई म्हणते, तान्हा होता तवा ताप डोक्यात गेला.
शेजारी म्हणतात, ध्यानच नाही पोराचं.
नाही कसं? खिचडीच्या रांगेत
कोण दुसऱ्यांदा उभं राहिलं,
ते फक्त त्यालाच कळतं.

फळ्यावर मी लिहितो, घर.
तो वाचतो, धर.
अरे, नीट बघ, घवर अख्खं छप्पर,
धचं एका बाजूनं उघडं.
तो बघत राहतो. कान लाल होतात.
"आमचं टिन उडालं नं सर, वैशाखात."
पोरं हसली. मी नाही हसलो.
म्हणजे हसलो, थोडा उशिरा.

रात्री अकोटहून मायचा फोन,
"आला का रे शायेतून?"
"आलो मा, शायेतून."
डी.एड.ची दोन वर्षं आरशासमोर घासून बसवलेला ळ
जिभेवरून उतरला
आणि चप्पल न घालताच निघून गेला.

सकाळी पुन्हा घर.
पुन्हा धर.
कारण मला अजून माहीत नाही.

पऱ्हाटीची छडी पुढे केली.
त्यानं तिचं टोक धरलं,
आणि अक्षराच्या माथ्यावरून
डावीकडून उजवीकडे
आम्ही दोघं ती ओढत नेऊ लागलो.
मला घाई होती, घंटा व्हायची होती.

"हयू, सर," तो म्हणाला,
"हयू."