बर्फाच्या कारखान्यात

हर्णैच्या जुन्या बर्फ-कारखान्यात
आता बहिऱ्यांचं संग्रहालय आहे.
पाटीवर त्यांनीच तसं रंगवलंय.
दारात दोरी; ओढली की आत दिवा लागतो.

कपाटात एक लाकडी पट्टी, शाळेतली.
बोटं बोलू लागली की मारायची.
शेजारी लिलावाचा फोटो. गर्दीत बाबा,
दोन बोटं हनुवटीखाली फिरवतायत:
सुरमई, पण कालची.
ती खूण आमच्या घराबाहेर कुणाला येत असेल
असं मला कधी वाटलंच नव्हतं.

रशिदा दलवाई सगळं दाखवत होत्या.
माझे हात गंजलेले. बाबा गेल्यावर
बोलणार कुणाशी?
त्यांनी विचारलं, नाव?
मी कानाची पाळी चिमटीत धरली.
त्या थबकल्या. हसल्या. म्हणू लागल्या, म्हणजे

वीज गेली.
आणि खोली खरोखर गप्प झाली.
बाहेर लाटा, कावळे, बर्फाच्या गाड्या,
त्यांचं काय, चालूच होतं.

रशिदांनी चाचपडत समुद्राकडची झडप ढकलली.
उजेड आला तो थेट त्यांच्या हातांवर,
आणि वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे:
कान ओढला की जाळ्याखाली लपायचा,
तो तू.