सात नंबरचा माग

इबाराच्या आमच्या शेडमध्ये चौदा माग.
अकरा चालतात,
दोघांचे सुटे भाग बाकीच्यांच्या पोटात गेले,
आणि सात नंबर त्याच्या मनाला येईल तेव्हा.

मी किनुए. एकतीस वर्षं कांड्या भरते,
तुटलं सूत सांधते.
घरी जाऊन नाक शिंकरलं की
रुमालावर नीळ.

नवी पोरगी, मिओरी, विचारते:
रंग आतपर्यंत का जात नाही?
मी नखाने धागा उकलून दाखवते.
वरून निळा, गाभ्यात पांढराफटक.
दोरखंडासारखं वळलेलं सूत हौदात बुडतं,
वर येतं ते शेवाळी हिरवं,
वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं.
पुन्हा बुडी, पुन्हा वारा.
इतक्यांदा बुडवूनही
निळीला गाभा सापडत नाही.
म्हणून तर पुढे गुडघे उजळतात.

उभं सूत निळं, आडवं कोरं.
तिघांच्या खालून, एकाच्या वरून,
पुढच्या फेरीला एक घर सरकून.
त्या एका घरापायी
कापडावर तिरकी रेघ चढत जाते.

एवढं तर नदीपलीकडच्या गिरणीतही होतं.
आमच्या दहापट वेगाने होतं.
पण तिथे आडवा धागा एकदाच जातो.
पोचला, की कात्री.
दर फेरीला नवा धागा, दर फेरीला कात्री,
कडेला बोकडाच्या दाढीसारखी झालर.
आमचा धोटा परत येतो.
लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड,
खट् गेला, खट् आला,
वळताना शेवटच्या सुताला वळसा घालतो
आणि काठ त्याचा तोच मिटतो.
काठात एक लाल सूत. शोभेला नाही हो,
कुठल्या गिऱ्हाईकाचं कापड ते कळावं म्हणून.
पन्हा अगदीच बेताचा:
माझ्या नाकापासून पसरल्या हाताच्या बोटांपर्यंत.

तोकुझो-सान मागांचे वैद्य.
कान या खडखडाटाने कधीच नेले,
तळहात तेवढे शाबूत.
त्या दिवशी सात नंबरवर हात ठेवून
एकाएकी ओरडले, थांबव.
मी दांडा ओढला.
मग दिवे हलले, मग खिडक्या.
धरणीने एकदाच कूस बदलली, बस्.
धोटा सुतांच्या मधोमध अडकून राहिला,
रस्ता ओलांडताना काही आठवल्यासारखा.

पुन्हा चालू केलं तेव्हा
दोन फेऱ्या जास्तच खेटून बसल्या.
आडवी रेघ, केसाएवढी.
नियमाप्रमाणे मी काठाला पिवळा दोरा बांधला:
इथे खोट आहे.
दोरा कुठे गळला, कुणी सोडला, देव जाणे.
तागा गेला.

चार वर्षांनी टाम्पेरेहून एक पार्सल.
एन्सिओ नावाचा कुणी होड्या बांधणारा,
त्याची पँट दुरुस्तीला.
गुडघा फाटलेला, खिशावर मोजपट्टीचा चौकोन उमटलेला,
डांबराचा वास.
आणि डाव्या मांडीवर,
घडी नाही, चुणी नाही,
सरळ, फिकी, एक आडवी रेघ.

मी पायाची दुमड उलटली. लाल सूत आमचंच.

तोकुझो-सान आता द्राक्षांच्या वेली बांधतात.
मी पँट घेऊन मांडवाखाली गेले.
त्यांनी हात धोतऱ्याला पुसावा तसा झाडाला पुसला,
तळवा रेघेवर ठेवला,
डोळे मिटले.
"मंगळवार," म्हणाले.

गुरुवार होता. मी वाद घातला नाही.

गुडघा सांधला. मिओरीने विचारलं,
या रेघेचं काय करायचं?
तोवर सात नंबरने धागा तोडला होता,
आणि आम्ही दोघी
तिकडे पळालो.