मोजणी

बाउक्ये दॉतिंगा, वय त्रेपन्न, भरतीच्या वेळी
समुद्राच्या बांधावर उभी राहून पक्षी मोजते.
एकेक नाही. नजरेत शंभराचा गठ्ठा बांधते
आणि तो थव्यावर ठेवत जाते,
शिंप्यानं कापडावर वीत ठेवावी तसा.

गेल्या हिवाळ्यात तिची वही वीबरेनच्या वहीशी जुळेना.
सकाळी तो म्हणाला, तू जास्त मोजतेयस.
संध्याकाळी म्हणाला, कमी मोजतेयस.
दोन्ही खरं होतं.
दिवसा तिच्या आभाळात नसलेलेही उडायचे,
दिवेलागणीला असलेलेही नाहीसे.

तीन ठिकाणी तिला सांगितलं :
वयाचं आहे. डोळे कोरडे आहेत. चष्मा बदला.
तक्ता ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची,
तोच घोळ होता.

ग्रोनिंगनला माझ्याकडे आली, रबरी बुटांना चिखल.
दंडातून पिवळा रंग सोडताना मी म्हटलं,
उद्यापर्यंत लघवी केशरी होईल, घाबरू नका.
ती म्हणाली, आम्हीही हंसांच्या पायांत
रंगीत कड्या घालतो,
कोण कुठून निसटतं ते कळायला.

पडद्यावर तिचा डोळा उघडला.
शेंदरी जमिनीवर साईच्या रंगाचे ठिपके,
नसेच्या मुळापासून बाहेर उधळलेले.
या दुखण्याला नाव पडलंय छऱ्यांवरून,
पाखरं मारायच्या छऱ्यांवरून.
ते उच्चारायच्या आधी मी उगाच कागद सारखे केले.
ती म्हणाली, वडील बदकं मारायचे.
जेवताना कधीकधी दाताखाली शिसं यायचं.

रक्तात एक खूण सापडली. ती शंभरात सातेक जणांत असते,
बहुतेकांना काहीच होत नाही.
मग त्यांचं काय करता?
काही नाही. ते इथे येतच नाहीत.

अंधाऱ्या खोलीत अर्धा तास बसवलं तिला,
पापणीखाली दोऱ्याइतकी तार,
समोर सेकंदाला तीसदा लुकलुकणारा दिवा.
कागदावर लाट उठली, पण उशिरा.
तिनं मान वाकडी करून पाहिली :
भरतीचं वेळापत्रक चुकलंय.

कुंपणच शेत खातंय, एवढं मी सांगू शकले.
कुंपणाला हे कुणी शिकवलं, ते नाही.

आधी गोळ्या. चेहरा सुजला,
रात्री तीनला उठून तिनं घरातली सगळी कपाटं पुसली.
मग दर पंधरा दिवसांनी मांडीत सुई;
फ्रिजमध्ये लोण्याशेजारी तिचा डबा.
शिंकणाऱ्या नातवाला दारातूनच हात हलवायचा.
कुंपणाला पेंग आली की
चोरही येऊ शकतो, हे तिला सांगितलं होतं.

चौदा महिन्यांनी पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून
बारीक दिवे मोजायला बसली,
बोट बटणावर.
इथे गठ्ठे चालत नाहीत, मी म्हटलं, एकेकच.
यंत्रानं शेवटी छापलं :
नसलेल्या दिव्याला दिलेली उत्तरं, शून्य.
कडेची थोडी जमीन परत आली होती.
रात्रीची नाही.

जाताना तिनं वही दाखवली.
सकाळचे आकडे वीबरेनशी जुळतात आता,
दहावीस इकडेतिकडे.
संध्याकाळच्या रकान्यात नुसती रेघ.
शून्य का नाही, मी विचारलं.
शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हते,
ती म्हणाली, आणि बुटांचा वाळलेला चिखल
माझ्या दारात झटकून गेली.