दोन सूत

लाकूड नाकानं ओळखावं, असं बा म्हणायचा.
रंग फसवतो, वजन फसवतं,
रंधा एकदा फिरला की साग लपत नाही.
हळदूला वास जवळजवळ नसतोच;
त्या जवळजवळमध्येही त्याला काहीतरी सापडायचं.

मग एका उन्हाळ्यात त्यानं ढलपी माझ्या नाकाशी धरली.
"उर्मे, सांग बरं काय हाय?"
मला वाटलं, परीक्षा घेतोय.
शिवण, मी म्हटलं.
"हो ना," म्हणाला, आणि बराच वेळ
ती ढलपी बोटांत फिरवत बसला.

वर्षभर ती सर्दीच होती.
मेडिकलवाल्याचे थेंब, ओव्याची पुरचुंडी, वाफ.
एकाच बाजूनं नाक बंद, डाव्या.
हळदूच्या पिवळ्या फळीवर लाल थेंब पडला तेव्हा
त्यानं तो बिज्याचा डिंक समजून नखानं खरवडला.

डोळ्याचं त्याचं त्यालाच कळलं.
दाढी करताना आरशापुढं ओळंबा धरला, म्हणाला,
"डावा लेव्हलात नाही."
आम्ही हसलो.
त्या हसण्याचं काय करावं, मला अजून कळत नाही.

नागपूरला शिकाऊ डॉक्टर रांगेनं बघून गेले.
कामाची धूळ, चाळीस वर्षांची, असं काहीतरी लिहून घेतलं.
लाखात एखाद्याला होतो हा, एकजण म्हणाला.
बानं हिशेब केला:
"म्हणजे अख्ख्या तालुक्यात मी एकटाच!"
त्यात थोडी ऐटही होती.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर नाक काढलं,
नाकामागच्या पोकळ्या, डोळ्याची खोबण, मधली पातळ भिंत.
आत्ता कापलं तर डोळा जाईल, म्हणाल्या.
आधी औषध देऊ. तीन वेळा, एकवीस-एकवीस दिवसांनी.
आटली गाठ, तर मग ऑपरेशन, नाहीतर शेक.
नाही आटली तर?
तेही कळेलच की, म्हणाल्या.

मामा चिडला. चोर घरात, अन् आधी नोटीस कायची देता?
बानंच त्याला समजावलं, वडशाच्या गाडीत, उभ्या उभ्या:
"पावसाळ्यात फुगलेलं दार तासाचं नसते, बाप्पा.
तासलं का उन्हाळ्यात फट पडते,
जन्मभर वारा येते.
आधी आटू द्या. मंग तासा."

सलाईनच्या बाटलीला काळा कागद गुंडाळलेला.
उजेड लागू द्यायचा नाही म्हणे.
तिसऱ्या दिवसापासून ओकाऱ्या,
कानात करवतीसारखा आवाज,
तोंडाला लोखंड.
"आयुष्यभर ओठांत खिळे धरले,
आता खिळे नाहीत अन् चव तेवढी हाय."
मिशी गेली तेव्हा मात्र बोलला नाही.
दुसऱ्या वेळी पांढऱ्या पेशी उतरल्या, तारीख पुढं गेली,
धर्मशाळेच्या जिन्यात बसून त्यानं
कठड्याचे सांधे तपासले, सगळे, खालपासून वर,
आणि कोण्या मेस्त्रीला एक शिवी हासडली.

तिसऱ्यानंतर परत ते मशीन.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला:
डोळ्यापासून सहा मिलिमीटर मागं सरकलंय.
बानं माझ्याकडं बघितलं, अंगठा-तर्जनी जवळ आणली.
"दोन सूत."
किंचित कमीच भरतं ते. मी बोलले नाही.
दोन सुतात काय मावतं?
पातीची धार.
किंवा पातळ कागद, दुमडून.
किंवा एक डोळा, बहुतेक.

वास परत येईलच असं नाही, त्यांनी आधीच सांगितलंय.
ऑपरेशन का शेक, ते बुधवारी ठरेल.

काल घरी आलो तर पुढचं दार अडलेलं, श्रावणापासूनच.
खांदा लावून ढकललं मी, किरकिरत उघडलं.
रंधा काढू? मी विचारलं.
त्यानं कडेवरून तळहात फिरवला, वरून खाली, सावकाश,
मग मध्येच थांबून दाराला नाक लावलं,
सवयीनं.

"ओल हाय अजून," म्हणाला.
हातावरूनच म्हणाला असेल.